कोकणात चित्रं काढायला निघताना: वजन सोडा, दमट हवेचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून निघून मुरूड-जंजिऱ्यापासून खाली मालवणपर्यंत जायचंय, एसटी, फेरीबोट, रेल्वे, जे मिळेल त्याने. सोबत दहा वर्षांची मुलगी. घरात चोवीस ट्यूबचा जलरंगांचा संच, ए-फोर स्केचबुक, सहा-सात ब्रश आणि रोजनिशीसाठी एक जाडजूड वही आहे. यातलं काय न्यायचं, काय घरी ठेवायचं आणि उरलेलं खांद्यावरच्या एका पिशवीत कसं बसवायचं?

पिशवीत बसवणं अवघड नाही. चोवीसच्या आठ ट्यूब केल्या, कागद अर्धा केला की बसतं. कोकणात अडतं ते दुसरीकडे. दिवाळीपर्यंत पाऊस थांबलेला असतो, पण हवेतला ओलावा गेलेला नसतो. किनाऱ्यावर तो पुरता कधीच जात नाही, आणि त्यात वर मीठ. रंगवलेलं पान सावलीत सुकायचं नाव घेत नाही. ओल्या रंगांची डबी बंद केली की दोन-चार दिवसांत बुरशी धरते. पत्र्याच्या पॅलेटचा रंग जिथे उडालाय तिथे गंज चढतो, स्पायरल वहीची तार पानावर तांबूस डाग सोडते. म्हणून पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही भिजली तर सुकेल का, आणि नाही सुकली तर काय बिघडेल? पुण्यात किंवा घाटावर चालणारं सामान इथे फसतं ते या प्रश्नावर.

कागदापासून सुरुवात करते, कारण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं किंवा तत्सम पदार्थाचं साइझिंग, म्हणजे पाणी चटकन शोषू न देणारी खळ, केलेलं असतं. त्यामुळेच रंग लगेच आत न मुरता थोडा वेळ वर खेळता राहतो. दमट जागी बरेच महिने पडून राहिलेल्या कागदाचं साइझिंग मरतं. मग ब्रश टेकवला की रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत जातो, जागोजागी गडद ठिपके उमटतात, आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला बोल लावतो. माळ्यावरचं जुनं स्केचबुक काढून न्यायचा विचार असेल तर निघण्याआधी शेवटच्या पानावर निळ्या रंगाचा एक पातळ हात फिरवून बघा. सलग सपाट बसला तर चालेल. ठिपके आले तर ते स्केचबुक पेन्सिलीला ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर स्केचबुक नेऊच नका, सुटे कागद न्या. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो कॉटनचा एक मोठा ताव घ्या. त्याचं माप ५६ बाय ७६ सेंटिमीटर असतं. चार वेळा निम्मा करत गेलात की सोळा तुकडे पडतात, प्रत्येकी साधारण १४ बाय १९ सेंटिमीटरचे. कात्री लावू नका. घडी घालून सुरीच्या पाठीने दाबा, उलटी घडी घाला, पुन्हा दाबा आणि हलक्या हाताने फाडा. कडा छान खरबरीत येते. एक ताव आठवड्याला पुरतो, कारण प्रवासात दिवसाला दोन चित्रं झाली तरी खूप झालं. पातळ कागदाचं पॅड स्वस्त पडतं खरं, पण १५०-२०० जीएसएमचा कागद या हवेत पन्हाळीसारखा वाकतो आणि रंग खोलगट भागात जाऊन साचतो.

सुट्या कागदाचा खरा फायदा सुकण्यात आहे. बांधीव वहीत एक पान ओलं असेपर्यंत पुढचं उघडता येत नाही. सुटे असले की एक कागद उन्हात दगडाखाली आणि दुसरा मांडीवर. पाठीशी आधाराला हार्डबोर्ड नको, तो ओल खाऊन फुगतो. जाहिरातीच्या पाट्यांना वापरतात ते पोकळ सनपॅक शीट बघा: वजन नगण्य, पाण्याला दाद देत नाही, ब्लेडने हवं तसं कापता येतं. त्याचा ए-फोरहून थोडा लहान तुकडा घ्या आणि पुढे-मागे एकेक कागद मास्किंग टेपने चिकटवा. टेप मात्र त्याच दिवशी काढा. रात्रभर राहिली तर दमट हवेत तिचा गोंद कागदावर उतरतो आणि काढताना कागदाचा पापुद्रा सोबत घेऊन येते.

सुटी पानं म्हणजे रोजनिशीचा बाज गेला असं वाटत असेल तर वाटेत कुडाळजवळ पिंगुळीला जरूर थांबा. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा सुट्या चित्रांचीच आहे. कागदावर काढलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, कथेच्या क्रमाने त्यांची पोथी लावायची आणि एकेक चित्र समोर धरून गात गात गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरच्या संग्रहात जुनी चित्रं पाहायला मिळतात. मुलीला हा भाग किल्ल्यांपेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे. तुमची पानं घरी आल्यावर अशीच पाठीला पाठ लावून शिवता येतील.

आता रंग. चोवीस ट्यूब घरी राहू द्या, त्यातले आठ रंग रिकाम्या हाफ पॅनमध्ये भरून न्या. दोन सेंटिमीटरच्या आत बसणारी ही प्लॅस्टिकची चौकोनी वाटी असते. साधारण दीड-दोन मिलिलीटर रंग मावतो आणि सहलीला तो पुरून उरतो. भरण्याची घाई मात्र करू नका. आधी निम्मी वाटी भरा, टूथपिकने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, एक-दोन दिवस उघडी ठेवा, मग उरलेली भरा. एकदम काठोकाठ भरली की वर साय धरते, आत ओलं राहतं, आणि एसटीच्या पहिल्या वळणावर झाकणाला लगदा. हे काम पुण्यात, निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी उरका. अलिबाग-मुरूडला पोचून लॉजवर भरू म्हणाल तर सहल संपेपर्यंत ते नीट घट्ट होणार नाहीत. विद्यार्थ्यांसाठीच्या रंगांचा वाळल्यावर तडकून खडा होतो, म्हणून काही जण त्यात ग्लिसरीनचा थेंब घालतात. कोरड्या गावात ठीक आहे. इथे घालू नका, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि रंग कायमचा चिकट राहतो. मध घातलेले महागडे परदेशी रंगही याच कारणाने घरी ठेवा. त्याऐवजी प्रत्येक पॅनमध्ये टूथपिकच्या टोकावर येईल एवढं लवंगेचं तेल फिरवा, बुरशीला आळा बसतो.

आठ कुठले? लेमन यलो, गॅम्बोज, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, पर्मनंट रोझ, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. काळा नाही, तयार हिरवाही नाही. वर पांढऱ्या गॉशची (अपारदर्शक जलरंगाची) एक लहान ट्यूब, लाटेच्या फेसाला आणि बगळ्याला. संचात अलिझरिन क्रिमसन असेल तर तो ठेवून द्या, उजेडात उडतो.

या यादीत दोन तांबडे-तपकिरी का, असं वाटेल. मुरूडहून दक्षिणेला जसजसे याल तसतसं कारण दिसेल. रायगडच्या किनाऱ्यावर काळा कातळ आणि करडी वाळू. रत्नागिरीकडे सरकलात की रस्त्याच्या कापात, विहिरीत, गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, घराच्या चिऱ्यात, सगळीकडे जांभा. कोरडा जांभा बर्न्ट सिएनात थोडा ऑकर घालून येतो. पाणी पडलेला, शेवाळ धरलेला जांभा मात्र जांभळट होतो. तिथे लाइट रेडमध्ये अल्ट्रामरीनचा थेंब लागतो. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं, गवत दिवाळीत पिवळं पडायला लागलेलं असतं, त्याला ऑकर. माडाच्या झावळ्या सगळे जण गडद हिरव्या रंगवतात. नीट बघा, वरच्या बाजूला आकाशाची करडी-निळी चमक असते आणि उन्हाच्या विरुद्ध बघितलं तर त्या पिवळ्या पेटतात. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन एवढ्यावर माड होतो. आंब्याची पानं त्याहून काळपट, त्यांना थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना.

समुद्र निळा रंगवण्याचा मोह मालवणजवळच्या तारकर्लीला पोचेपर्यंत आवरा. खाड्यांच्या तोंडाशी पाणी गढूळ हिरवट-करडं असतं: ऑकर, किंचित अल्ट्रामरीन आणि भरपूर पाणी. पोस्टकार्डासारखा निळा समुद्र काढलात की बाकी सगळं खरं असूनही चित्र कोकणातलं वाटत नाही.

पाणी आणि ब्रश यांवर जास्त बोलत नाही. एक वॉटरब्रश (मुठीत पाणी भरायचा ब्रश), एक आठ नंबरचा गोल सिंथेटिक, एक चपटा अर्ध्या इंचाचा, बस. खऱ्या केसांचा महाग ब्रश या सहलीला नको. ओला राहिला की केसांना वास येतो आणि खाऱ्या पाण्याने मुठीची धातूची पट्टी हिरवी पडते. समुद्राच्या पाण्यात रंग कालवायची हौस एकदा भागवून घ्या, मीठ सुकताना रंगात चांदण्यांसारखे डाग पडतात आणि गंमत वाटते. पण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ कागदात राहतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि तो कागद पुढे पावसाळाभर गार-ओला लागतो. त्यामुळे शंभर मिलीची गोड्या पाण्याची बाटली वेगळी ठेवा. पाण्याच्या भांड्याला खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण पुरतं. पुसायला टिश्यू नको. जुन्या टॉवेलची पट्टी डाव्या मनगटाला बांधा. ब्रशही पुसला जातो आणि घामही कागदावर टपकत नाही. घामावरून आठवलं: सनस्क्रीन किंवा खोबरेल लावलेल्या बोटांनी कागदाला हात लावू नका. त्या ठशांवर रंग धरत नाही, आणि ते ठसे रंग लावेपर्यंत दिसतही नाहीत.

रोज रात्री मुक्कामावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पॅलेट उघडून पंख्याखाली ठेवणं. कागद सुटे करून खुर्चीच्या पाठीला बुलडॉग क्लिपने अडकवा. पिशवीही रिकामी करून उलटी टांगा. झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या फेरीबोटीवर आणि पावसाच्या सरीत कामाच्या, दिवसभर बंद ठेवायला नाहीत. ओलं आत गेलं की आतच कोंडतं. सामान साध्या कापडी पिशवीत ठेवा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. नव्या चपलांच्या खोक्यातल्या चालतात, मात्र मुलीच्या हाती लागू देऊ नका.

रोजनिशीची जाड वही घरी ठेवा. शिलाईची, साध्या पांढऱ्या पानांची पातळ वही घ्या, ए-सिक्स आकाराची, खिशात जाईल अशी. लिहायला बॉलपेन. हे ऐकून शाईप्रेमी नाक मुरडतील, पण फाउंटन पेनची नेहमीची शाई ओल्या हाताने ओघळते आणि उन्हात तापलेल्या पिशवीत पेन गळतं. पाच-दहा रुपयांच्या बॉलपेनची रेघ पाण्याला हलत नाही, तिच्यावरून थेट वॉटरब्रश फिरवता येतो. चित्रावरची रेघ वर्षानुवर्षं टिकायला हवी असेल तर पिगमेंट शाईचं एक लायनर पेन ठेवा, बॉलपेन उजेडात फिकटतं.

तिकिटं चिकटवणार असाल तर एक गोष्ट. एसटीच्या मशीनचं तिकीट उष्णतेने छापलेलं असतं, काही महिन्यांत ते कोरं होतं. म्हणून कुठून कुठे, किती वाजता, किती पैसे हे शेजारी हाताने लिहा. चिकटवायला फेव्हिस्टिक, पातळ गोंदाने पान चुरगळतं. सजावटीच्या कागदी टेपा या हवेत सुटतात. ओली पानं-फुलं वहीत दाबू नका. ती काळी पडतात आणि आजूबाजूची चार पानं घेऊन जातात. मर्यादावेलीचं पान पुळणीवर जागोजाग मिळेल, ते वहीवर ठेवून कडेने रेघ मारा आणि परत टाका. जांभ्याची माती मात्र जरूर घ्या. चिमूटभर बारीक माती ओल्या बोटाने पानावर घासली की सरळ लोहाचा तांबडा रंगच हातात येतो. डिंकाच्या पाण्यात कालवली तर ब्रशनेही लावता येते. प्रत्येक गावाच्या मातीचा असा एक चौकोन काढत गेलात, की कुठलीही टेप लावण्यापेक्षा ती वही जास्त बोलेल.

वेळेचं गणित सामानाशी जोडलेलं आहे, म्हणून इथेच सांगते. कोळ्यांकडे भरतीचा सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवसांत भरती दुपारी अकरा-बाराला, उधाणाची, आणि ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. पुढे रोज पाऊण तासाने सरकत जातं. किल्ल्याच्या होडीसाठी जेट्टीवरच्या माणसालाच विचारा, पण चित्रासाठी हा हिशोब पुरतो.

लक्ष्मीपूजनाच्या आसपासची संध्याकाळ मोठी पर्वणी आहे. सूर्य कलतोय आणि पाणी मागे हटलंय, ओल्या वाळूत आकाश उतरलेलं आहे. आधी संपूर्ण कागद ओला करून आकाश आणि वाळू एकाच दमात, त्याच रंगांनी काढा. इथे हवेचा ओलेपणा तुमच्या बाजूने असतो, घाटावर सुकून जाणारा कागद इथे दहा मिनिटं ओला राहतो. खाडीत होड्या काढायच्या तर त्याही ओहोटीलाच. पाण्यातली होडी डोलते आणि दर क्षणी कोन बदलते, चिखलात कललेली होडी तासभर हलत नाही. भरती ओसरेपर्यंत वाट बघायला लागली तर गावातल्या पाखाडीत, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, बसा, तिथे सावली असते.

हर्णैच्या संध्याकाळच्या मासळी लिलावाला मात्र पॅलेट काढूच नका. पायाखाली पाणी, बर्फ, खवले. बसायला जागा नाही आणि मध्ये उभं राहिलात तर शिव्या बसतील, त्याही योग्यच. तिथे फक्त छोटी वही, बॉलपेन आणि वॉटरब्रश. रंग हवाच असेल तर पाण्यात विरघळणारी एक गडद निळी पेन्सिल. टोपल्या, वाकलेल्या पाठी, हातवारे, एवढंच टिपा आणि रंगांची नावं शब्दांत लिहून ठेवा. कोणाचा चेहरा नीट काढायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक जणी हसून हो म्हणतात आणि मग झालेलं चित्र बघायला मागतात, तेव्हा दाखवायची तयारी ठेवा.

फेरीबोटींवर, म्हणजे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, मधला वेळ रेघेपुरताच असतो. रत्नागिरीहून पुढे रेल्वेतही पाणी उघडू नका; बोगद्यांमध्ये ब्रश हातात धरून बसण्यापेक्षा वहीत राहिलेलं लिहून काढा.

बसायला घडीचं स्टूल नको, एक जुना पंचा आणि त्याखाली प्लॅस्टिक. छत्री न्यायची तर काळी किंवा पांढरी. लाल-निळी छत्री सगळ्या पानावर आपला रंग पाडते आणि खोलीवर आल्यावर चित्र भलतंच दिसतं. पुळणीवर उन्हाकडे पाठ करून बसा, म्हणजे कागद तुमच्याच सावलीत येतो. नाहीतर पांढरा कागद डोळ्यांवर चमकतो आणि सगळे रंग गरजेपेक्षा गडद लागतात. डास संध्याकाळी असतातच, त्याचं मलम फक्त पायांना.

राहता राहिली मुलगी. तिला तुमच्यातलं निम्मं देऊ नका, तिची स्वतःची पिशवी करा. तेलखडू नकोत; उन्हात मऊ होतात आणि वाळू चिकटून काचकागद तयार होतो. बारा रंगीत पेन्सिली, त्यात दोन पाण्यात विरघळणाऱ्या, डबीचा शार्पनर, एक वॉटरब्रश आणि तुमच्या तावातले चार तुकडे. पेन्सिली पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून कापडी गुंडाळीत घाला, खोकं दुसऱ्या दिवशी लिबलिबतं. चार तुकडे दोन दिवसांत संपतील आणि ती तुमचे मागेल, म्हणून तावाबरोबर एक स्वस्त कार्डशीटही घेऊन ठेवा.